खाडीकाठच्या घराला स्टीलच्या खिडक्या-दारं लावावीत का?

वाचकांचं पत्र: नमस्कार मॅडम. आम्ही ऐरोलीत सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहतो. घर २५ वर्षांहून जुनं आहे. खिडक्या पहिल्यापासूनच्याच आहेत, लोखंडी, झेड सेक्शनच्या, म्हणजे इंग्रजी Z आकाराच्या पट्टीच्या. आता बहुतेकींची खालची बाजू गंजली आहे आणि दोन पल्ले बंदच होत नाहीत. दर्शनी दार लाकडी आहे, ते पावसाळ्यात फुगतं. मागच्या दाराला वाळवी लागून गेली. मुलाला बारीक काळ्या चौकटींच्या स्टीलच्या खिडक्या हव्या आहेत. हे म्हणतात, सरसकट ॲल्युमिनियम लावा आणि मोकळे व्हा. फॅब्रिकेटर म्हणतो, जीआय पाइपच्या करून देतो, गंज धरणारच नाही. शेजारच्या काकू म्हणतात, पैसे गेले तरी चालतील, पण ३०४ ग्रेडचं स्टेनलेसच घ्या. पश्चिमेच्या दोन खोल्यांवर खाडीचा वारा थेट येतो. वरच्या मजल्यावर ग्रिलही नवीन करायचं आहे. काय करावं?
— एक वाचक, ऐरोली

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागून. सगळ्या घराला एकच धातू लावू नका. पश्चिमेच्या दोन खोल्यांना स्टील नको. पुढच्या बाजूला छज्ज्याखाली असलेल्या खिडक्या स्टीलच्या ठेवायला काहीच हरकत नाही, आणि त्यातल्या काही नव्याने घ्याव्याही लागणार नाहीत असा माझा अंदाज आहे. दर्शनी दार स्टीलचं जरूर करा. मागच्या दाराचं गणित वेगळं आहे. आणि फॅब्रिकेटरच्या ‘गंज धरणारच नाही’ या शब्दावर विसंबून आगाऊ रक्कम देऊ नका.

तुम्ही जुन्या खिडक्यांना वैतागला आहात, ते समजतं. पण एवढी वर्षं खाडीच्या हवेत त्या उभ्या राहिल्या, ही साधी गोष्ट नाही. तुमच्या ऐरोलीला पश्चिमेकडून खारा वारा लागतो आणि पूर्वेकडे ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे एमआयडीसी आहे. हवेतलं मीठ आणि कारखान्यांतला गंधकाचा वायू, दोन्ही दमट हवेत लोखंडाचे वैरी. तरीही त्या खिडक्या टिकल्या, कारण झेड सेक्शन भरीव असतो. तापवून, लाटून काढलेली पट्टी, जाडी साधारण ३ मिलिमीटर. अशा खिडक्यांसाठी भारतीय मानक १०३८ आहे. त्यांची गंमत ही की जे गंजतं ते डोळ्यांसमोर गंजतं आणि तिथे ब्रश पोचतो. आज ‘स्टीलची खिडकी’ म्हणून गल्लीतला फॅब्रिकेटर जी करून देतो ती बहुतेक वेळा चौकोनी पोकळ पाइपची असते, १.२ मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. तो पाइप आतून गंजतो. बाहेरचा रंग नवा कोरा दिसत असतो, आणि एक दिवस बोट दाबलं की आत जातं. कोपरखैरण्याच्या एका घरात अशा खिडकीचा खालचा पाइप कापला तेव्हा आतून तांबडं पाणी आणि गंजाचा ओला चुरा बाहेर आला. वरचा रंग मात्र अजून तुकतुकीत होता.

म्हणून नवीन खिडक्यांचं कोटेशन मागवण्याआधी एक काम करा. मजबूत स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पापुद्रे खरवडून टोचून बघा. खाली टणक, चकाकणारं लोखंड लागलं तर ती खिडकी वाचते. फक्त खालची आडवी पट्टी चाळणीसारखी झाली असेल, तर तेवढीच कापून त्याच मापाची नवी पट्टी जोडता येते. उभ्या पट्ट्या वीतभराहून जास्त खाल्ल्या गेल्या असतील, किंवा बिजागऱ्यांची जागाच सडली असेल, तर मात्र ती खिडकी काढा. हा निवाडा खिडकी-खिडकीचा करायचा. भंगारवाल्याला एकदम बोलावू नका.

पल्ले बंद का होत नाहीत, तेही सांगते, कारण त्यावर चुकीचा इलाज फार वेळा होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये गंज साठला की तो फुगतो, प्लास्टरला चीर पाडतो आणि चौकटीला आत ढकलतो. मग पल्ला अडतो. अशा वेळी कारागीर ग्राइंडर फिरवून पल्ला घासून बसवून देतो. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा अडतो, आणि घासलेल्या कडेला नवा गंज लागलेला असतो. चौकटीमागचं प्लास्टर फोडून गंज काढणं हेच त्यावरचं काम आहे.

आता मुख्य मुद्दा. खिडकी खालूनच का गंजते? कारण पाणी तिथे थांबतं. जुन्या घरांत नंतर कधीतरी खिडकीच्या कट्ट्यावर ग्रॅनाइट बसवलेलं असतं, आणि ते चौकटीच्या खालच्या पट्टीपेक्षा अर्धा इंच वर आलेलं असतं. म्हणजे चौकट एका पन्हळीत बसलेली असते. कट्ट्याला उतार घराच्या बाजूला असला की विषयच संपला. पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोकं दरवेळी रंगारी लांबीने (पुट्टीने) बुजवून टाकतो. हे सगळं तसंच ठेवून तुम्ही ३०४ बसवलं तरी त्याच्याभोवतीची भिंत ओलच धरणार. तेव्हा कट्टा बाहेरच्या बाजूला उतरता करून घ्या, दगड भिंतीच्या पुढे दोन बोटं काढा आणि त्याच्या पोटाला एक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी भिंतीवर परत न येता खाली ठिबकेल. चौकटीच्या भोवतीची फट पीओपीने भरू देऊ नका. ओल्या पीओपीच्या संगतीत लोखंड झपाट्याने गंजतं. सिमेंट मसाल्याने भरा आणि बाहेरून चांगल्या प्रतीचं सिलिकॉन मारा. या कामाला खिडकीच्या मानाने खर्च थोडा येतो, पण खिडकीचं आयुष्य यावरच ठरतं.

फॅब्रिकेटरच्या जीआयकडे येऊ. जीआय म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणून विचारायचं ते एवढंच: जस्त किती आहे, आणि सांध्यावर आहे का? पत्र्यावरचं जस्त दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात, दोन्ही बाजू मिळून. १२० ग्रॅम म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २७५ ग्रॅम म्हणजे सुमारे १९ मायक्रॉन. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघडं जस्त वर्षाला साधारण २ ते ४ मायक्रॉन झिजतं. वरचा रंग उडाला की १२० ग्रॅमवाला पाइप किती पावसाळे काढेल, हा हिशेब तुम्हीच मांडून बघा.

त्यात बाजारात चौकोनी पाइप जीआय म्हणून दिला जातो तो बहुधा जीपी असतो, म्हणजे आधीच जस्त चढवलेली पट्टी वळवून, जोडून केलेला. आणि वेल्डिंग केलं की सांध्याजवळचं जस्त उडून जातं. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, वेल्डिंगचं तापमान त्याच्या कितीतरी पुढचं. म्हणजे जिथे चौकटीला सर्वांत जास्त संरक्षण हवं, त्या प्रत्येक कोपऱ्यात बोटभर जागा उघडी पडते. तुमच्याच गल्लीतली ग्रिलं बघा. तांबड्या ओघळाची सुरुवात जवळपास दरवेळी जोडापासून झालेली दिसेल.

यावर चांगला उपाय आहे. साध्या लोखंडात पूर्ण काम करून घ्यायचं, सगळं वेल्डिंग, सगळी भोकं, आणि मग ती तयार चौकट वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवून काढायची. याला हॉट डिप गॅल्व्हनायझिंग म्हणतात. लोखंडाच्या जाडीप्रमाणे साधारण ४५ ते ७० मायक्रॉनचा थर बसतो, सांध्यांवरही आणि पाइपच्या आतही. पाइपला हवा जाण्यासाठी भोकं ठेवावीच लागतात, नाहीतर अडकलेली हवा आणि ओल ४५० अंशांच्या कढईत स्फोट करू शकते. तेव्हा हे काम फॅब्रिकेटरने आधीपासून ठरवूनच करायचं असतं. पातळ पत्रा यात पीळ खातो, म्हणून हे चौकटी आणि ग्रिलसाठी, सपाट दारासाठी नव्हे. जस्तावर नेहमीचा ऑइल पेंट धरत नाही, वर्षभरात पोपडे सुटतात. त्यासाठीचा वेगळा प्राइमर आधी लागतो, मग रंग किंवा पावडर कोटिंग.

एवढं जमत नसेल तर निदान २७५ ग्रॅमची पट्टी, पाइपची दोन्ही टोकं झाकणं लावून पूर्ण बंद, आणि वेल्डिंग घासून झाल्यावर त्याच दिवशी सांध्यांवर जस्तयुक्त प्राइमरचे दोन हात, एवढं तरी कागदावर लिहून घ्या.

मुलाची आवड मला पटते. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं, म्हणून स्टीलची चौकट बारीक ठेवता येते, काच मोठी मिळते आणि खोलीत उजेड जास्त येतो. ही गोष्ट ॲल्युमिनियममध्ये तशी साधत नाही. त्याला पुढची बाजू द्या. वाचलेल्या जुन्या झेड सेक्शनच्या खिडक्या गंज काढून काळ्या रंगवल्या की त्याला हवी तीच रेष मिळते, नवीन पैसे न घालता. मात्र छज्ज्याखाली आहेत म्हणून त्या सुरक्षित, असं समजू नका. पाऊस लागत नाही तिथे मीठ धुतलंही जात नाही, ते साचत राहतं. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने पुसायच्या, एवढं घरच्यांनी अंगवळणी पाडून घ्यायला हवं.

पश्चिमेच्या खोल्यांना यजमान म्हणतात ते बरोबर. नैऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो, मीठ आणतो, आणि वरच्या मजल्यावर बाहेरून पुसायला हात पोचत नाही. तिथे पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटी. ॲल्युमिनियम घ्याल तर त्याच्या भिंतीची जाडी विचारा, खालच्या रुळाला पाणी जायची भोकं बघा, आणि लोखंडी ग्रिल त्याला थेट चिकटू देऊ नका. दोन्हींमध्ये रबराची पट्टी हवी, कारण खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक खाल्ला जातो.

काकूंच्या ३०४ बद्दल. चांगलं स्टील आहे, पण डागच पडणार नाहीत असं नाही. खाऱ्या हवेत ३०४ वर चहासारखे तपकिरी डाग येतात. समुद्राजवळ ३१६ जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं, आणि ते महागही असतं. खरी अडचण वेगळी आहे. ३०४ सांगून स्वस्तातलं २०२ ग्रेडचं खपवलं जातं, आणि दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, ‘बघा, चिकटत नाही.’ ताई, २०२ सुद्धा चिकटत नाही. चुंबकाने फक्त ४०० च्या मालिकेतलं स्टील ओळखू येतं. तेव्हा पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि तपासणीच्या थेंबांची चाचणी समोर करायला सांगा, हे थेंब हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत मिळतात. माझ्या मते सगळ्या खिडक्या स्टेनलेसच्या करण्यापेक्षा बिजागऱ्या, स्टे (उघडा पल्ला अडकवायची दांडी), कड्या आणि स्क्रू ३०४ किंवा ३१६ चे घ्यावेत. खिडकी निकामी होते ती बऱ्याचदा पाचपन्नास रुपयांच्या बिजागरीपायी.

दर्शनी दार. स्टीलचं दार पावसात फुगत नाही, वाळवी लागत नाही, आणि लाकडाची छटा आता इतकी चांगली येते की पाहुण्यांना हात लावल्याशिवाय कळत नाही. विचारायच्या गोष्टी मोजक्या: पत्रा किती मिलिमीटर, चौकट किती मिलिमीटर, आत काय भरलं आहे, आणि कुलपाच्या व बिजागरीच्या जागी आतून जाड पट्टी आहे का? गेजमध्ये उत्तर दिलं तर मिलिमीटर विचारा. १६ गेज साधारण १.६, १८ गेज साधारण १.२, पण गेजच्या नावाखाली पातळ माल सहज जातो. आतमध्ये कागदी जाळी असेल तर पोर्चमधल्या दाराला ती चालेल. पावसाचा मारा बसणाऱ्या मागच्या दाराला ती नको, तळाच्या फटीतून पाणी शिरलं की कागद भिजतो आणि पत्रा आतून सडतो. म्हणून मागच्या दाराला जाड ॲल्युमिनियमचं किंवा फायबरचं दार बघा, स्टीलचं घ्यायचंच झालं तर फोम भरलेलं, तळ पूर्ण बंद असलेलं. बाथरूमला स्टील अजिबात नको.

चौकटीचे पाय फरशीत गाडू देऊ नका, ते उंबऱ्याच्या दगडावर टेकले पाहिजेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फरशीचं काम झाल्यावर कामगार टाइल्सवरचं सिमेंट काढायला ॲसिड ओततात. त्याचे शिंतोडे चौकटीच्या तळाला उडतात आणि नव्या कोऱ्या दाराला महिन्याभरात खालून तांबडी किनार दिसू लागते. स्टेनलेसलाही त्याने खड्डे पडतात. दारं-खिडक्या शेवटी बसवा. ते शक्य नसेल तर ॲसिड वापरायचं नाही असं स्पष्ट बजावा. रोजच्या सफाईतही हेच.

ग्रिलबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मला मात्र त्यावर थांबायचं आहे. वरच्या मजल्याच्या प्रत्येक झोपायच्या खोलीत ग्रिलचा एक भाग आतून उघडणारा हवा, मोठा माणूस बाहेर पडू शकेल एवढा. कुलूप आतून, आणि किल्ली त्याच खोलीत, बाहेरून हात पोचणार नाही पण घरातल्या सगळ्यांना अंधारातही सापडेल अशा खुंटीवर. खाली स्वयंपाकघरात किंवा जिन्याजवळच्या मीटरपाशी आग लागली तर वरच्यांना जिना मिळत नाही, आणि पूर्ण बंद ग्रिल म्हणजे पिंजरा होतो. चोराच्या भीतीने आपण घर असं बंद करून घेतो की आपल्यालाच निघता येत नाही. फॅब्रिकेटर म्हणेल, उघडणारा भाग केला की मजबुती जाते. जात नाही, बिजागऱ्या आणि कडी जाड हव्यात, इतकंच. घरात लहान मुलं येत-जात असतील तर गज उभे ठेवा. आडव्या गजांवर मुलं शिडीसारखी चढतात.

आता कामाच्या वेळी काय बघायचं ते. पाइपची जाडी वजनावरून पकडता येते. ४० बाय ४० मिलिमीटरचा, ६ मीटरचा पाइप १.२ जाडीचा असेल तर साधारण पावणेनऊ किलो भरतो, १.६ जाडीचा साडेअकराच्या आसपास. कळंबोलीच्या स्टील मार्केटातून माल येत असेल तर वजनाची चिठ्ठी मागा. वर्कशॉपमध्ये कापणं, जोडणं, घासणं, भोकं पाडणं सगळं संपल्यावरच प्राइमर आणि रंग. घरी आणल्यावर वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही. चौकट अँकर बोल्टने बसवा. घरात ग्राइंडर फिरला की त्याच्या तप्त ठिणग्या नव्या रंगात आणि काचेत रुततात, आणि आठवड्याभरात त्या जागी तांबडे ठिपके उमटतात. लोकांना वाटतं रंग खराब निघाला.

जुन्या खिडक्या रंगवताना आणखी एक पायरी घाला, जी बहुतेक रंगारी गाळतात. गंज खरवडून झाला की गोड्या पाण्याने धुऊन घ्या आणि पूर्ण वाळू द्या. मीठ तसंच राहिलं तर ते रंगाखाली ओल खेचतं आणि फोड येतात. वाळल्यावर त्याच दिवशी प्राइमर, दुसऱ्या दिवशी नको, कारण खाडीच्या दमट हवेत खरवडलेल्या लोखंडावर रातोरात तांबूस झाक चढते. साध्या रेड ऑक्साइडपेक्षा इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्राइमर घ्या.

म्हणून हे काम पावसाळ्याच्या तोंडावर काढू नका. रंगाचं आणि गॅल्व्हनायझिंगचं काम मे अखेरीपर्यंत पूर्ण होत नसेल, तर यंदा फक्त पश्चिमेच्या दोन खोल्यांच्या खिडक्या बदला, कट्ट्यांचे उतार करून घ्या आणि ग्रिलला उघडणारा भाग बसवा. बाकीचं दिवाळीनंतर कोरड्या हवेत. काच मात्र मापं पक्की झाल्याशिवाय टफन करून, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत करून, घेऊ नका, ती नंतर कापता येत नाही. आणि सोसायटी किंवा मालक संघ असेल तर दर्शनी बाजू बदलण्याआधी लेखी परवानगी घ्या.

फॅब्रिकेटरचं कोटेशन हातात आलं की मला पाठवा, सोबत अडणाऱ्या दोन पल्ल्यांच्या खालच्या कोपऱ्यांचे जवळून काढलेले फोटो. त्या दोन खिडक्या वाचतात की नाही, ते फोटो बघून सांगते. तोवर त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.